लच्माची पेटी

पांढरकवड्यात चार बायका जमल्या की कामवालीचं रडगाणं निघतंच. कोणाची न सांगता दांडी मारते, कोणाची ऐन दिवाळीच्या तोंडावर काम सोडते. लीलाबाई मात्र अशा वेळी मंद हसत बसायच्या. त्यांना ही अडचण नव्हतीच. त्यांच्या घरी लच्मा होती.

लच्माला त्यांच्या यजमानांनी, रामरावांनी, जंगलाकडच्या एका कोलाम पोडावरून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, आणलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. बाप वारलेला, आई आजारी. शाळेत घालू, पोटच्या पोरीसारखी वाढवू, असं ते तिच्या आईला म्हणाले होते. शाळा लवकरच सुटली, कारण लीलाबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचं सगळं लच्मावर आलं. पुढे आई गेल्याचा निरोप आला, तोही तेरावा उलटून गेल्यावर. सकाळी सडा घालण्यापासून झोपताना ओटा पुसण्यापर्यंत सगळं घर तिच्या हातावर चालायचं. पगाराचा विषय कोणी काढला की लीलाबाईंना रागच यायचा. पोरीला कोणी पगार देतं का, तिचं तर लग्न लावून देणार आहोत आम्ही, असं त्या ठणकावून सांगायच्या.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. दिवाणाखाली एक पत्र्याची पेटी होती, तिला सगळे लच्माची पेटी म्हणत. दर दिवाळीला तीत एखादं पितळेचं पातेलं, एखादं लुगडं पडायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही कौतुकाने एखादा डबा त्यात टाकायच्या. साऱ्या गल्लीला त्या पेटीचा अभिमान! पातेली काळी पडू नयेत म्हणून लच्माच ती घासून पुन्हा आत ठेवायची. घरात सगळे तिला पोरगी म्हणत, ती मात्र लीलाबाईंना काकूच म्हणायची. आई म्हण, असं तिला कधी कोणी सुचवलं नाही.

लच्मा विशीला आली होती. इस्तारी नावाचा एक तरुण बाजाराच्या दिवशी बांबूची सुपं आणि टोपल्या विकायला यायचा. तो तिच्या पोडाशेजारच्याच पोडावरचा. मागच्या दाराशी तो पहिल्यांदा तिच्याशी कोलामीत बोलला, तेव्हा लच्माला अर्धं कळलंच नाही, आणि तिला रडू आलं. मग दर बाजाराला तो तिला हरवलेला एखादा शब्द परत आणून द्यायचा. कधी पाण्याचा, कधी मोहाच्या फुलाचा, कधी आईला हाक मारायचा. भांडी घासताना ती ते शब्द पुटपुटत राहायची. प्रेम म्हणजे याहून वेगळं काय असतं? कामाशिवाय आपलं नाव कोणी घेतं, हेच तिला नवीन होतं.

पळून जाऊ, असं इस्तारी म्हणाला नाही. त्याने रीतीने मागणी घातली. त्याच्या घरची म्हातारी माणसं आली, ओसरीवर बसली. रामरावांनी चहा पाजला आणि सांगितलं, लग्न आम्हीच लावू, पण यंदा आमच्या सुरभीचं बाळंतपण आहे. सुरभी म्हणजे त्यांची लेक. पुढच्या वर्षी ती माणसं पुन्हा आली, तर लीलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्यापुढच्या वर्षी सुरभीचं दुसरं बाळंतपण. दर वेळी पाहुणे चहा पिऊन, मान डोलवून परत गेले. लग्न हीच लच्माच्या कामाची मजुरी होती आणि लग्न लागलं की काम थांबणार होतं. मग ते लावणार कोण?

शेवटी एका भर दुपारी लच्मा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. पेटीला तिने हातही लावला नाही. हायवेवरच्या बसथांब्यावर ठरल्याप्रमाणे इस्तारी उभा होता. पण रामरावांचे स्नेही पंजाबराव तिथेच पानठेल्यावर होते. पंजाबराव भले गृहस्थ, आणि घात झाला तो त्यांच्या भलेपणानेच. गरिबाच्या पोरीला कोणी फूस लावून नेतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी इस्तारीची कॉलर धरली आणि रामरावांना फोन लावला. इस्तारीला मार बसला, पोलिसात देण्याची धमकी मिळाली, आणि लच्मा परत घरी आली. पोर वाचली, असं म्हणत गल्लीतल्या बायका भेटून गेल्या.

शीलाताईही आल्या. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि सरळ विचारलं, "लीलाताई, सुरभीच्या लग्नासाठी तुम्ही सुरभीकडून किती वर्षं भांडी घासून घेतली?"

"काय बोलून राह्यल्या तुम्ही? ते पोटची पोरगी आहे."

"मंग हे कोण आहे? पोटच्या पोरीले स्थळ आलं तर आपण पेढे वाटतो. इले आलं तर तुम्हाले गुडघा आठवते. जातो म्हणणाऱ्या माणसाले जाऊ न देणं, याले माया नाही म्हणत. गुलामी म्हणतात. आमच्या आज्यानं कर्जापायी सावकाराच्या घरी ते भोगलं, म्हणून मले ते दुरूनच ओळखू येते."

लीलाबाईंनी त्या दिवसापासून शीलाताईंशी बोलणं टाकलं. लच्माने एकदाच तोंड उघडलं. पेटी तुमच्यापाशीच राहू द्या काकू, मला फक्त जाऊ द्या, असं ती म्हणाली. येत्या उन्हाळ्यात पाहू, असं उत्तर मिळालं. दुपारी मागच्या दाराला कुलूप लागू लागलं, अर्थात तिच्याच भल्यासाठी!

उन्हाळा आला. सुरभी बाळाला घेऊन सासरी गेली, गुडघाही बरा झाला. आता मात्र लीलाबाईंनी खरंच मनावर घेतलं आणि पंजाबरावांबरोबर इस्तारीच्या घरी निरोप धाडला. उत्तर आलं की त्याचं लग्न होळीनंतरच झालं. म्हातारी माणसं वाट पाहून थकली होती.

हे सांगायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. लच्मा कणीक मळत होती.  सगळं ऐकून तिने विचारलं, "काकू, पोळ्या टाकू का? काकाची जेवाची वेळ झाली."

 असं ऐकून लीलाबाईंच्या सुरभीने घर डोक्यावर घेतलं असतं, ताट भिरकावलं असतं. लच्मा रडलीसुद्धा नाही. रडायचा हक्क या घरात आपल्याला आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आपण काय करून बसलो, ते लीलाबाईंना त्या एका प्रश्नाने कळलं. शीलाताईंच्या बोलण्यानेही जे कळलं नव्हतं, ते कळलं. त्यांनी मागच्या दाराचं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि पेटी ओढत आणून तिच्यासमोर ठेवली.

"जाय बाई. कुठीबी जाय. आता तुले कोणी अडवणार नाही. माहं चुकलं, लच्मा."

लच्माने कणकेचे हात पुसले आणि उघड्या दाराकडे पाहिलं.

"कुठी जाऊ, काकू?"

 आई गेली होती, पोडावरची झोपडी पडली होती, भाषा अर्धीच परत आली होती आणि उरलेली आणून देणारा आता येणार नव्हता.

शेवटी शीलाताईच तिला घेऊन गेल्या. लच्मा हल्ली त्यांच्या मागच्या खोलीत राहते. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते, पगार तिच्या हातात पडतो. बाजाराच्या दिवशी ती बाहेर पडत नाही. पेटी तिने नेली नाही. ती दिवाणाखालीच आहे आणि तिच्यातली पातेली आता लीलाबाई स्वतः घासतात. यंदाच्या हळदीकुंकवाला कोणी तरी आपल्या घरच्या 'पोरीसारख्या' पोरीचं कौतुक सांगू लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिले जाऊ देता का ते सांगा आधी." 

वाचकहो, माणसाला जायची मोकळीक नसेल, तर त्याला लेक म्हणा, घरचं म्हणा, तो गुलामच असतो. आपल्या किंवा शेजारच्या घरात अशी एखादी पोर असेल, तर तुला जायचं आहे का, हे तिला आजच विचारा. उद्या विचाराल तेव्हा दार उघडं असेल, पण तिला जायला जागा उरलेली नसेल.