फॅमिली प्लॅनमधली चौथी जागा

शेणव्याच्या पुढं एका पाड्यावर राहणारा भगीरथ दिवसभर शेणवा-शहापूर रस्त्यावर प्रवाशांची इको गाडी चालवायचा आणि संध्याकाळी घरी आला की पुन्हा गाडीच चालवायचा. ही दुसरी गाडी टीव्हीवरची. ऑनलाइन शर्यतीचा तो खेळ होता आणि त्याची गंमत अशी की एका गाडीत दोन माणसं लागायची. एक चालवणारा, दुसरा वळणं सांगणारा. चालवणाऱ्याला पुढचा रस्ता धड दिसायचा नाही. कुठलं वळण येतंय, ते सोपं की अवघड, हे सांगणाऱ्याच्या मोबाइलवर बाणांनी उमटायचं. हिरवा बाण सोपा, लाल बाण जिवावरचा. सांगणाऱ्यानं वेळेवर ओरडायचं आणि चालवणाऱ्यानं त्याच्या जिभेवर विश्वास टाकून स्टिअरिंग फिरवायचं.

भगीरथला वळणं सांगायची त्याची धाकटी बहीण अंजू. पोरगी एरवी मितभाषी, पण खेळायला बसली की तिची जीभ कधी अडखळायची नाही. दोघांची जोडी पाड्यावर नावाजलेली होती. मात्र त्यात नाव व्हायचं ते भगीरथचं. गाडी त्याच्या हातात असायची ना.

खेळाला सबस्क्रिप्शन लागायचं. भगीरथनं फॅमिली प्लॅन घेतला होता. एका सबस्क्रिप्शनवर चौघं. तो स्वतः, अंजू, आणि त्याच घरात राहणारी त्याची चुलत भावंडं भाविक आणि रविना. प्लॅन घेणाऱ्याच्या नावापुढं स्क्रीनवर ‘फॅमिली हेड’ असं यायचं, म्हणून भाविक त्याला चेष्टेनं ‘हेडसाहेब’ म्हणायचा. भगीरथला ते मनातून आवडायचं.

मग अंजूचं लग्न झालं. मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या जवळच्या एका गावात दिली. प्लॅनमधली तिची जागा तशीच राहिली. ती काढावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. भगीरथच्या बाजूला बसून भाविक वळणं सांगायला लागला. पण कधी संध्याकाळी अंजूच्या नावापुढं हिरवा ठिपका पेटला की भगीरथला बरं वाटायचं. कामं उरकली वाटतं हिची, बसली खेळायला, खुशाल आहे. ती काय खेळते, कुणाबरोबर खेळते, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही.

थंडी पडली आणि कंपनीचा मेसेज आला. फॅमिली प्लॅन एका घरात राहणाऱ्या माणसांसाठीच आहे. तुमच्या प्लॅनमधलं एक माणूस कायम दुसऱ्या ठिकाणाहून खेळतं. महिनाअखेरपर्यंत त्याला काढा, नाहीतर सगळ्यांचंच खातं बंद होईल.

भाविकनं मेसेज वाचला आणि लगेच म्हणाला, “यात इचार कसला करायचा? अंजूला काढ. तिचं लगीन झालं, ती आता त्यांच्या घरची.”

रविना चुलीजवळ भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, “उद्या माझं लगीन झालं का मलापण असाच काढशील का रे?”

“गेमची गोष्ट चाललेय गो!”

“मलापण गेमचंच बोलायचंय.”

भगीरथनं मोबाइल हातात घेतला, अंजूच्या नावावर बोट ठेवलं. खाली शब्द आले, ‘या सदस्याला परिवारातून काढायचे आहे का?’ त्यानं बोट उचललं. एरवी फालतू वाटला असता असा तो प्रश्न, पण बहिणीच्या नावाखाली तो त्याला पुन्हा वाचवेना. फोनवरही सांगता येईना. शेवटी त्यानं ठरवलं की म्हशाची जत्रा आलीच आहे, अंजूनं बोलावलंय, तेव्हा समोरासमोरच सांगू.

जत्रेच्या दिवशी सकाळी तो निघाला. म्हशात बैलांचा बाजार भरला होता, धूळ नुसती आभाळाला लागली होती. त्यानं अंजूच्या घरी द्यायला एक चांगलं घोंगडं घेतलं, घरच्यांसाठी मिठाई घेतली आणि तिच्या गावाकडं वळला. वाटभर तो वाक्यं जुळवत होता. ‘अंजू, कंपनीचा नियम आहे.’ ‘अंजू, माझा नाइलाज आहे.’ एकही वाक्य त्याला धड वाटेना.

घराच्या अंगणात पोचतो तोच आतून बाईचा खणखणीत आवाज आला.

“डावा! लाल हाय, डावा घे! आता सरळ सोड... उजवा, जरासाच! अगं हळू, पुढं दरी हाय!”

भगीरथ दारातच थबकला. आत अंजूची सासू धोंडीबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. हातात मोबाइल, नजर मोबाइलवर. नवरा वारल्यापासून घर आणि शेती एकहाती रेटलेली बाई. सोयरीक जुळवताना तिचा दरारा पाहून भगीरथच्या आईनं धसका घेतला होता, पोरीचं कसं व्हायचं म्हणून. तीच बाई आता सुनेला वळणं सांगत होती आणि टीव्हीसमोर खेळाचा रिमोट घेऊन अंजू गाडी चालवत होती.

चालवत होती! भगीरथला आधी ते खरंच वाटेना. आणि रस्ता कुठला, तर खेळातला सगळ्यात अवघड घाट. भगीरथ त्या घाटात दरवेळी कुठंतरी दरीत जायचा. अंजू गेली नाही. सासूच्या तोंडून शब्द निघायचा आणि गाडी वळलेली असायची. वेग उगाच वाढवायची नाही, पण कमीही करायची नाही. शेवटचं वळण घेऊन गाडी वर निघाली तेव्हा धोंडीबाईनं मांडीवर थाप मारली आणि मग तिचं दाराकडं लक्ष गेलं.

“अगो बाय! पाव्हणे उभेच? अंजू, दादा आला बग तुझा. चहा टाक.”

अंजू हसत उठली. भगीरथच्या तोंडून एवढंच निघालं, “तू चालवाय कधी शिकलीस?”

“तुझ्या बाजूला बसून,” ती म्हणाली. “सांगणाऱ्याला पण रस्ता पाठ होतो ना रे दादा.”

“मग घरी असताना कधी बोलली नायस, मला चालवू दे म्हणून?”

“तू कधी रिमोट सोडलास का?”

तिनं ते हसून म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. तरी भगीरथनं मान खाली घातली.

चहा झाला. अंजूचा नवरा ज्ञानेश्वर जत्रेतून बैल बघून आला, तोही बसला. सगळ्यांसमोर विषय कसा काढावा म्हणून भगीरथ घोंगड्याची दशी ओढत बसला होता. शेवटी अंजूनंच सुरुवात केली.

“दादा, मेसेज मलापण आलाय.”

“मग बोलली का नायस?”

“तुला काय वाटतंय ते बगत होते.”

भगीरथ घाईघाईनं म्हणाला, “मी कंपनीला कळवतो. आमची बहीण कामाला गेलेय, सणाला गेलेय, कायपण सांगतो. तुझी जागा मी सोडणार नाय.”

अंजूनं त्याच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा मऊ झाला होता, पण आवाज ठाम होता. “खोटं कशाला सांगायचं? मी हितं राहते. हे माझं घर हाय. मला माहेराला चोरून जोडून राहायचं नाय, दादा. मी आले का दारातनं येईन.”

मग तिनं मोबाइल घेतला आणि त्याच्यासमोर ‘परिवार सोडा’वर बोट ठेवलं. भगीरथच्या खिशातला फोन वाजला. अंजू आता तुमच्या परिवारात नाही, असं त्यावर आलं होतं. त्याचे डोळे भरून आले. अंजूचेही आले असावेत, कारण ती कपबशा उचलून आत गेली आणि जरा वेळानं आली.

आली ती नवा प्लॅन घ्यायचा असं ठरवूनच. माहिती भरता भरता ज्ञानेश्वर एका ठिकाणी अडला. “फॅमिली हेड कोण लिवू?”

त्या घरात अशा प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते भिंतीला टेकून बसलं होतं. ज्ञानेश्वरनं आईकडं पाहिलं. धोंडीबाईनं पदर सावरला, क्षणभर विचार केला.

“घराची मोठी मी हाय,” ती म्हणाली. “पण गाडी ती चालवते. तिचंच नाव लिव.”

त्या संध्याकाळी शेणव्याला परत येताना भगीरथ गाडीत एकटाच होता. बहीण प्लॅनमधून गेली होती, तरी काही गमावल्यासारखं त्याला वाटत नव्हतं. घरी येऊन त्यानं भाविकला आणि रविनाला सगळं सांगितलं. ‘अंजू, फॅमिली हेड’ हे शब्द रविनानं त्याला दोनदा म्हणायला लावले.

पुढं होळीच्या आधी मुरबाडला एका युवक मंडळानं त्याच खेळाच्या स्पर्धा ठेवल्या. जोड्यांच्या. चालवणारा आणि सांगणारा पाठीला पाठ लावून बसणार. भगीरथ आणि भाविकनं नाव दिलं. हॉलमध्ये कल्याण-बदलापूरची पोरं आली होती, गळ्यात हेडफोन, अंगात एकसारखे टीशर्ट. आणि त्या गर्दीतून लुगडं नेसलेली धोंडीबाई सुनेच्या मागं आत आली तेव्हा काही पोरं खुसखुसली. कुणीतरी म्हणालं, “मावशी, प्रेक्षक तिकडं बसतात.”

“प्रेक्षक नाय रे बाळा,” धोंडीबाई म्हणाली, “तुमच्यासंगट खेळायचंय.” आणि खुर्ची ओढून बसली.

पहिली फेरी दोन्ही जोड्यांनी जिंकली. दुसऱ्या फेरीत नेमकी त्यांचीच गाठ पडली. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. भगीरथनं तिला उगाच सूट द्यायची नाही असं ठरवलं होतं. दिली असती तर तिला लगेच कळलं असतं आणि तिनं ती कधी माफ केली नसती. तो जीव तोडून खेळला. अर्ध्या रस्त्यापर्यंत पुढंही होता. मग घाट सुरू झाला. भाविकची जीभ घाईला आली, “उजवा, नाय नाय, डावा!” आणि भगीरथची गाडी कठड्याला घासली. पलीकडून धोंडीबाईचा आवाज येत होता, शेतात माणसांना काम सांगावं तितका सावकाश. “डावा. लाल. आता सरळ.” अंजूची गाडी त्याच्या बाजूनं निघून गेली. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता.

हरल्यावर भाविकनं कपाळाला हात लावला. भगीरथ मात्र उठला आणि थेट प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानंतर अंजूची प्रत्येक शर्यत त्यानं उभ्यानंच पाहिली. घसा बसेपर्यंत ओरडला. सकाळी खुसखुसलेली पोरंही हळूहळू त्याच्या आसपास जमली आणि धोंडीबाई ‘लाल!’ म्हणाली की सगळी ‘लाल!’ म्हणून ओरडू लागली.

शेवटची शर्यत बदलापूरच्या जोडीशी झाली. ती जोडी तयारीची होती. अंजूनं त्यांना शेवटच्या वळणापर्यंत पुढं जाऊ दिलं नाही. त्या वळणावर मात्र ते सरकले आणि जरासे आधी पोचले. दुसरा नंबर. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. जिंकलेली दोन्ही पोरं उठली, आधी धोंडीबाईच्या पाया पडली.

धोंडीबाईचं लक्ष नव्हतं. ती सुनेशी भांडत होती.

“तो डावा मी वेळेवर बोलले व्हते. तूच येगळीकडं बगत व्हतीस.”

“तुमी जराशा मागून बोललात, आई.”

“मागून? बरं. पुढल्या बारीला बगू कोण मागून बोलतंय ते!”

मंचावर बोलावलं तेव्हाही दोघींचं तेच चालू होतं. निवेदकानं माइकवर नावं पुकारली. आधी गावाचं नाव, मग अंजूचं, मग तिच्या सासूचं. बक्षिसाच्या ढालीवर दोघींचे हात होते.

भगीरथच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं त्याला कोपरानं ढोसलं. “एवढं ओरडताय दादा, तुमचं कोण लागतंय का काय?”

“माझी बहीण,” भगीरथ म्हणाला. मग त्याला तेवढ्यानं समाधान वाटेना. त्यानं आवाज चढवला, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असा. “सख्खी बहीण! दुसऱ्या फेरीत मलाच हरवून पुढं गेलेय ती!”