घंगाळाची वाटणी

वैशाख होता. गोदेचे पात्र आटून वाळूची पांढरी पाठ उघडी पडली होती, आणि त्या पाठीवरून उठलेला उष्ण, रुक्ष, रजोधूसर वारा तांबटआळीच्या बोळांतून चिडल्यासारखा फिरत होता. आकाशात निळेपणा नावाला उरला नव्हता. पत्रे तापले होते, कडुनिंबाची सावली तापली होती, आणि माणसांची डोकी तर कधीचीच तापलेली होती.

त्या निर्मेघ, निश्चल, निर्दय दुपारी दोन भाऊ आपल्या आईची भांडी वितळवायला बसले होते.

थोरला कचेश्वर, धाकटा मोतीराम. भिकाजी तांबटाचे दोन मुलगे, एका ऐरणीवर शिकलेले, एका ताटात जेवलेले, आणि आता एकमेकांची सावलीही अंगावर पडू न देणारे. आई फाल्गुनात गेली. तेराव्याची पाने उचलली नाहीत तोच वाटणी निघाली. घर वाटले, दुकान वाटले, परसातला कडुनिंब फांद्या मोजून वाटला. गाडे अडले ते भांड्यांपाशी.

हंडा त्याला तर कळशी मला का? परात मला तर पातेली त्याला का? समजूत घालणारे थकले, आळी थकली, फक्त भाऊ थकले नाहीत. शेवटी एक दिवस कचेश्वर ओरडला, "वितळवा सगळं! दोन विटा पाडा आन् मिटवा एकदाचं!" मोतीराम तत्क्षणी हो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्यांचे एकमत झाले ते या एकाच गोष्टीवर.

तांबट ठोकतो, ओतणे हे ओताऱ्याचे काम. पण ओतारी आतून दुसऱ्या भावाला फितूर असेल, हा संशय दोघांच्याही मनात. म्हणून भट्टी घरीच रचली. तेलाचे जुने पिंप, आतून माती आणि राखेचा जाड लेप, बुडाशी एक नळी, नळीच्या तोंडाला मोडक्या कूलरचा पंखा. ती भट्टी ना याच्या परसात, ना त्याच्या. दोन्हीकडून वाढत आलेली विभाजक भिंत जिथे थांबली होती, बरोबर त्या फटीत ती उभी होती.

पंखा घरघरला. कोळसा आधी काळा, मग किरमिजी, मग कुंकवासारखा लाल झाला. लाल झाला, केशरी झाला, आणि मग डोळ्यांनी पाहवेना असा शुभ्र झाला.

भांडी एकेक करून भट्टीतल्या मुशीत पडू लागली. ज्या कळशीने आईच्या कमरेला घट्टा पाडला ती कळशी गेली. पातेली गेली, आतल्या कल्हईसकट गेली. कल्हई आधी खरवडून काढावी हे एखाद्या ओताऱ्याला सुचले असते. इथे रागाला कुठली एवढी फुरसत! ज्वालेला हिरवी धार आली. पांढरा, जड, कडवट धूर उसळला, आणि सावरीच्या कापसासारखी पितळेतल्या जस्ताची पिसे तरंगत येऊन दोघांच्या केसांवर बसली. दोघे भाऊ एकदम म्हातारे दिसू लागले.

कचेश्वरला बरे वाटत होते. खरोखर बरे वाटत होते. प्रत्येक भांडे विरघळताना त्याच्या छातीत एक क्रूर, कोवळा, कृतार्थ आनंद उमलत होता, की हेही त्याला मिळाले नाही, हेही नाही.

मग घंगाळ राहिले.

ते विशाल, वर्तुळाकार, सुवर्णकांती घंगाळ. भिकाजीने आपल्या लग्नाआधी स्वतःच्या हाताने घडवलेले. घंगाळाच्या पोटावर हातोड्याच्या ठोक्यांच्या ओळी होत्या, ओळीमागून ओळ, ठोक्याला लागून ठोका, आणि प्रत्येक ठोक्यात दुपारचा एकेक इवला सूर्य. असा ठोका आळीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. बापाचा फोटो घरात नव्हता. बाप होता तो एवढाच.

कचेश्वरला ते हवे होते. हंडे-कळशांचे भांडण हे सगळे या घंगाळासाठी होते. आणि मोतीरामचेही तेच होते, हे त्याला चांगले ठाऊक होते.

भावांचे बोलणे आई असल्यापासूनच, कित्येक वर्षे बंद होते. जे काही असेल ते कचेश्वरच्या बायकोच्या, गिरिजेच्या तोंडून जायचे. ती पदराने नाक झाकून ओट्यावर उभी होती. मोतीरामने तिच्याकडे पाहिले. त्याचा आवाज धुराने बसला होता, की आणखी कशाने, कोण जाणे.

"वहिनी, इचारा त्यांना. घंगाळ राहू द्यायचं का?"

गिरिजेला बोलावे लागले नाही. कचेश्वरच्या हातातली सांडशी थांबली. सगळी दुपार थांबली. त्याच्या ओठांवर 'राहू दे' आले होते, अगदी ओठांवर आले होते. पण त्या दोन शब्दांच्या मागे तिसरा एक प्रश्न दबा धरून बसला होता, आणि तोच आधी बाहेर पडला.

"राहू द्यायचं म्हंजे? कुणाकडं?"

मोतीराम भट्टीकडे बघत राहिला. 'दादाकडे' एवढे म्हणायचे होते, पण त्याच्याच्याने म्हणवले नाही. कचेश्वरलाही 'तुझ्याकडे' म्हणायचे होते. त्याने सांडशी खाली ठेवली.

"सांग त्याला," कचेश्वर गिरिजेला म्हणाला, "छिन्नी आण म्हणावं."

एवढे मोठे घंगाळ मुशीत मावणार नव्हते, ते तोडावे लागणार होते. मोतीरामने छिन्नी आणली, घंगाळ ऐरणीवर आडवे केले, काठ पकडला. कचेश्वरने हातोडा उचलला. आणि बापाने लहानपणी बोटे धरून शिकवलेला तो जुना ताल दोघांच्या हातांत आपोआप उतरला. एकाने फिरवायचे, एकाने मारायचे. एकाने श्वास घ्यायचा, एकाने सोडायचा. ठण, आणि फिरव. ठण, आणि फिरव. एक घाव चुकला नाही, एक बोट चेचले नाही. असे सुरेख, सुसूत्र काम त्या आळीने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

गिरिजा आत निघून गेली.

ठोक्यांच्या ओळी मुशीत गेल्या. आधी काळवंडल्या, मग आरक्त झाल्या, मग हळूहळू, एकेक करून, मिटल्या. मुशीच्या तळाशी एक लखलखीत, लवलवता, तप्तपीत डोह थरथरत राहिला. कचेश्वरने तो वाळूच्या दोन साच्यांत ओतला. दोन विटा पडल्या, रंगाने, आकाराने, वजनाने सारख्या. मोतीरामने एक उचलली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी भट्टी फोडली, फट बुजवली, भिंत पुरी झाली. गवंड्याने वर काचा लावायच्या का विचारले. दोन्हीकडून एकदमच 'लावा' आले.

ज्येष्ठ लागला. कचेश्वर आपल्या ओट्यावर वीट घेऊन बसला. ती त्याने तापवली, विझवली, ऐरणीवर ठेवली. त्याला घंगाळ घडवायचे होते. तेच पोट, तोच काठ, त्याच ओळी. बापाचा ठोका आपल्याच हातात उतरला आहे, हे सगळ्या आळीला दाखवायचे होते. आळीला कशाला, भिंतीपलीकडच्या त्या एकाला.

त्याने पहिला घाव घातला. आणि भिंतीपलीकडूनही घाव आला.

कचेश्वरने कान दिला. तो हात त्याने अंधारातही ओळखला असता. आणि नुसत्या आवाजावरून पलीकडे काय चालले आहे तेही त्याला कळले. आधी मध्य, मग बाजू, मग पुन्हा मध्य. घंगाळाचे पोट असेच काढतात.

"अरे चोरा," तो दातांतून म्हणाला. अंगाची लाही लाही झाली. तो भराभर मारू लागला. पलीकडचाही भराभर मारू लागला. हा चढला तर तो चढला, हा तापला तर तो तापला. काचा रोवलेल्या भिंतीवरून दोन हातोडे एकमेकांना शिव्या देत राहिले.

आणि एकाएकी पलीकडे काहीतरी कडकन वाजले. फुटक्या घंटेसारखा बदसूर, कोरडा आवाज. मग शांतता.

कचेश्वरचा चेहरा उजळला. "फुटलं!" तो मोठ्याने हसला. "फुटलं मेल्याचं!"

गिरिजा दारात आली होती. तिने त्याच्याकडे पाहिले, मग ऐरणीवरच्या त्या पिवळ्या तुकड्याकडे पाहिले.

"अहो," ती म्हणाली, "दोन्ही विटा एकाच मुशीतल्या ना?"

तांबटाच्या मुलाला पुढचे कुणी सांगावे लागले नाही. पातेल्यांची कल्हई, तिचे कथील सगळ्या पितळेत उतरले होते. असे पितळ नुसते वाजते, वाकत नाही. त्याने खाली पाहिले. विटेच्या मधून केसाएवढी काळी रेघ निघून काठाकडे चालली होती.

पलीकडे कुणीतरी हातोडा खाली ठेवला. तो ठेवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि त्यानंतर, फार वर्षांनी, एक हाकही आली. "दादा?"

कचेश्वरने ती ऐकली. ऐकली, आणि हातोडा उचलला. त्या रेघेवर मारला, पुन्हा मारला, ती हाक ऐकू येऊ नये म्हणून मारत राहिला. तुकडे होईपर्यंत मारत राहिला, तुकडे झाल्यावर नुसत्या ऐरणीवर मारत राहिला.