वहिनींचा शुक्रवारचा कान

शुक्रवारी आमच्या कामतघरचे यंत्रमाग बंद असतात. त्या अनोळखी नीरवतेत, कोवळ्या उन्हात न्हालेल्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकापाशी, डोळे मिटून, मान किंचित कलती करून आमच्या वहिनी उभ्या असायच्या. एरवी आमच्या गल्लीत इतकी खटखट, की तीतून गाडीचा आवाज वेगळा काढणं म्हणजे जत्रेत चुकलेलं पोर शोधणं. म्हणून त्यांनी शोधाचा वारच ठरवून टाकला होता.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेला आणि गाडी मागून खडखडू लागली. पुतण्याने पुण्याहून निर्वाणीचं कळवलं, "आई, रविवारी येतोय. आवाज गेला तर ठेव, नाहीतर गाडी भंगारात." खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं. पण वहिनी हट्टाला पेटल्या की ब्रह्मदेवाचंही चालत नाही. टेमघरच्या रफीकभाई मेकॅनिकनी शॉकअब्सॉर्बर बदलले, सायलेन्सर आवळला, खडखड तशीच. "भाभी, अब छोड दो, बूढ़ी हो गयी गाडी," ते म्हणाले.

"मीही झालेय," वहिनी म्हणाल्या. "मला कुठे सोडताय?"

रविवारच्या आधीचा तो शेवटचा शुक्रवार. "भाऊजी, मागे बसा, तिथून कान द्या." बसलो कुरकुरत. गतिरोधक आला, गाडी उडाली, पण मागून चकार शब्द नाही. वहिनींनी मला उतरवलं आणि त्याच गतिरोधकावरून एकट्या गेल्या. खडखड थेट माझ्यापर्यंत आली. पुन्हा बसवलं, पुन्हा शांत. मग मात्र त्यांनी गाडी सरळ रफीकभाईंकडे वळवली.

रफीकभाई गाडीखाली शिरले. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा जिथे चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लटकतो तिथलं रबरी बुश झिजून गेलं होतं. मागे भार असला की पाटा दबून गप्प राही, सीट रिकामी असली की उडून वाजे. "ये तो पुराना है, भाभी," ते आतूनच म्हणाले. "साहब के टाइम का."

दृष्टी गेल्यापासून दादा मागेच बसायचा. वहिनी गाडी चालवायच्या आणि त्याला पुढचं दिसत नाही म्हणून प्रत्येक गतिरोधकाआधी म्हणायच्या, "धरा हं." म्हणजे झीज त्याच्या हयातीतलीच होती, आणि तो नुसता बसून ती झाकत होता. हे मला उमगेपर्यंत वहिनी पदर खोचून म्हणाल्या, "नवीन बुश आणा. आजच्या आज."

रविवारी पुतण्याने गाडी स्वतः फिरवून आणली आणि किल्ली आईच्या हातात ठेवली.

गाडी आता रिकामीही निःशब्द चालते, दादा मागे असताना चालायची तशीच. मी पुढे वहिनींच्या शेजारी बसतो. गतिरोधक जवळ आला की त्या वेग कमी करतात, आरशात पाहतात आणि हळूच म्हणतात, "धरा हं"; आणि इतका काळ लोटूनही, मागे कुणी नाही हे त्या क्षणी मलाही आठवत नाही.