छप्पन्न खुणा, साठ गोळ्या

देखभालीच्या तक्त्यावरची खरी खूण आणि खोटी खूण यांतला फरक लिफ्ट तपासनीसाला दहा फुटांवरून कळतो. खरी खूण वेडीवाकडी असते. ती उभ्याने, भिंतीचा आधार घेऊन, ग्रीसच्या हाताने केलेली असते. कधी निळं पेन, कधी काळं, कधी मध्येच शाई रुसलेली. खोट्या खुणा मात्र प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या एका उंचीच्या आणि एकाच बाजूला कललेल्या असतात, कारण महिन्याभराच्या सगळ्या एका बैठकीत, चहा पिता पिता मारलेल्या असतात. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने असे कितीतरी तक्ते पकडले होते आणि इमारतींच्या व्यवस्थापकांना घाम फोडला होता.

घरच्या फ्रिजवरच्या तक्त्याकडे मात्र तो मुद्दाम लांबूनच बघायचा. दहा फुटांपेक्षाही लांबून.

तक्ता बायकोने लावला होता. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून घरी यायची, तेव्हा घरच्या चार तोंडांचा विचार तिच्या डोक्यात सुरूच असायचा. सासूची कवळी, लेकीच्या दातांवरच्या तारा, नवऱ्याचा श्वास. शेवटचा मुद्दा जरा नाजूक होता. त्याचा निम्मा दिवस बंद लिफ्टमध्ये अनोळखी माणसांच्या नाकाशी नाक लावून जायचा, आणि हल्ली ती माणसं दुसऱ्या मजल्यापासूनच छताकडे बघायला लागायची. म्हणून डबा आला. झायलिटॉलच्या साठ गोळ्या, पुदिन्याच्या चवीच्या. साखर नाही, तरी गोड. दात किडवणाऱ्या जंतूंना म्हणे ही गोडी पचत नाही. न्याहारीनंतर एक आणि रात्री जेवणानंतर एक, प्रत्येकाने. चघळली की तक्त्यावर आपल्या नावापुढे खूण. त्याच दिवशी घरातली साखर हद्दपार झाली.

डबा पांढरा, आतलं न दिसणारा. जागा फ्रिजच्या डोक्यावर, कारण मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: कुत्र्यांना घातक. बारीक अक्षरं वाचणारी घरात ती एकटीच.

कुत्र्याचं नाव ठोंब्या. वजन अठ्ठावीस किलो, अक्कल त्या मानाने कमी. आजवर त्याने तीन मोजे, एक खोडरबर आणि रिमोटची दोन बटणं पचवली होती. लेकीने त्याला पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलं, त्याला सात वर्षं झाली. परीक्षेचा निकाल असो की मैत्रिणीशी भांडण, ती आधी त्याच्या कानात सांगायची, मग घरात.

रविवारी सकाळी साडेनऊला, न्याहारी व्हायच्या आधी, ठोंब्या स्वयंपाकघरातून बाहेर आला तो दारुड्यासारखा. पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे. दिवाणखान्याच्या मधोमध थांबला, ओकला आणि बसकण मारली. लेक हसत म्हणाली, "काय रे, कुठे गेला होतास रात्री?" तो उठला नाही, तेव्हा तिचं हसू गेलं.

बायको स्वयंपाकघरात धावली. बुटक्या स्टुलाखाली डबा आडवा पडला होता, झाकण चावलेलं, आत काही नाही. फरशीवर एक गोळी नाही. होती ती लाळ.

"हा डबा खाली कोणी आणला?"

आई, म्हणजे लिफ्ट तपासनीसाची आई, चष्मा पुशीत म्हणाली, "काल मी काढला होता छत्रीने ओढून. परत वर ठेवायला माझा हात पुरत नाही बाई, एरवी कोणीतरी ठेवतं."

"साखर," बायको म्हणाली. "साखरेचं पाणी करा लवकर. याच्या रक्तातली साखर पडतेय."

घरात साखर नव्हती. एवढ्या गडबडीतही तिघांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने नजर चुकवली. आई आपल्या खोलीत गेली, कपाटातल्या चादरींच्या घड्यांमागून एक बरणी काढून आणली आणि सुनेच्या हातात ठेवली. बरणी अर्धी भरलेली होती. म्हणजे अर्धी रिकामी होती. तो विषय नंतर निघणार होता.

गाडीत मागच्या सीटवर दातांची डॉक्टर साखरेचं पाणी बोटाने कुत्र्याच्या हिरड्यांना चोळत बसली. शेजारी लेक, मांडीवर त्याचं डोकं. पुढे आई, एका हातात रिकामा डबा आणि दुसऱ्यात फ्रिजवरून उपटलेला तक्ता. गाडी तो चालवत होता. एरवी पिवळ्या दिव्याला थांबणाऱ्या त्या माणसाने आज लाल दिवाही पाहिला नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरचा दवाखाना खाली, घर वर. रविवार असूनही तो घरच्या चपलांवर खाली उतरला. मागच्या वर्षी त्याच्या किडलेल्या दाढेवर धातूची टोपी बायकोनेच बसवली होती, त्यामुळे तिच्याशी बोलताना त्याचा आवाज आपोआप अदबीचा व्हायचा. त्याने कानातून रक्ताचा थेंब काढला. यंत्रावर आकडा आला चौतीस.

"सत्तरच्या वर हवा," तो म्हणाला आणि पुढच्या पायात सुई घालून ग्लुकोजची बाटली लावली. "उलटी करवण्यात आता अर्थ नाही, नीट शुद्धीवर नाहीये तो, फुप्फुसात जाईल. मॅडम, गोळीत किती असतं ते?"

"अर्धा ग्रॅम."

"आणि खाल्ल्या किती?"

"चार." बायकोने तक्ता टेबलावर पसरला. "साठांचा डबा. सात दिवस, रोज आठ. छप्पन्न खुणा आहेत, मोजून घ्या. आज सकाळच्या चार राहिल्या होत्या."

डॉक्टरने कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे मांडले. "हे बघा, दोन गोष्टी आहेत. साखर पडते, ती मी इथे सांभाळतो. पण किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका. याच्यासाठी चौदा ग्रॅम, म्हणजे अठ्ठावीस गोळ्या. तेवढ्या असतील तर त्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, तासाभराचा रस्ता आहे, आणि या अवस्थेत रस्त्यात झटका आला तर गाडीत मला काही करता येणार नाही. नसतील तर हलवणं म्हणजे उगाच जिवाशी खेळ."

"रक्त तपासून नाही कळत?" लेकीने विचारलं.

"कळतं ना. उद्या. तोवर उशीर झालेला असतो." तो चिटोऱ्याकडे बघत राहिला. "पण मॅडम, चार गोळ्यांनी एवढा दांडगा कुत्रा आडवा होत नाही. तुमचा हिशोब कुठेतरी चुकतोय."

"तक्ता समोर आहे," बायको म्हणाली.

बाटलीतून थेंब पडत होते. ठोंब्याची जीभ बाजूने बाहेर आली होती आणि शेपटीत हालचाल नव्हती. ती शेपटी स्थिर असलेली घरात कोणी पाहिली नव्हती.

सुरुवात आईने केली. "माझी एकही नाही," ती म्हणाली. "कवळीखाली अडकते मेली. खुणा करत होते सूनबाईंचं मन राखायला."

"चौदा," डॉक्टर म्हणाला आणि लिहिलं. "अठरा झाल्या."

"थांबा हो. बागेत आमच्या बाकावरच्या बायकांना वाटल्या मी. चौघी जणी, तीन संध्याकाळी, एकेक. फार आवडल्या त्यांना. सून डॉक्टर असल्याचा काहीतरी उपयोग, असं म्हणाल्या."

"बारा वजा. सहा." डॉक्टरने खोडलं. "आजी, डबा तुम्ही उचलत होता, जड नाही लागला?"

"लागला. मला वाटलं नवीन आणला असेल. या घरात मला सांगून कोण काय आणतं?"

लिफ्ट तपासनीसाने घसा खाकरला. बावीस वर्षं ही जागा समोरच्या माणसाची होती. समोरचा माणूस अशा वेळी काय करतो ते त्याला पाठ होतं: आधी छताकडे बघतो, मग म्हणतो की एखाददुसरी राहिली असेल. त्याने छताकडे पाहिलं. तिथे पाल होती.

"एखाददुसरी…" तो म्हणाला आणि थांबला. "नऊ. माझ्या नऊ खोट्या."

"तू?" बायको म्हणाली. "तू रोज संध्याकाळी मला येऊन सांगायचास, आज अमक्याचा तक्ता पकडला, तमक्याला नोटीस दिली."

"हो."

"आणि मी म्हणायचे तोंडाला वास येतोय, तर म्हणायचास गोळीचा असर उतरला असेल."

"अगं, हे घरी बोलू ना."

"पंधरा," डॉक्टर म्हणाला. त्याला घरच्या गोष्टींत रस नव्हता, किंवा होता आणि तो दाखवत नव्हता.

लेक कुत्र्याच्या कानापाशी वाकली होती. तिने मान वर केली नाही. "तारांत अडकतात त्या. मी फक्त दोन खाल्ल्या, पहिल्या दिवशी. बाराच्या बारा खोट्या. सॉरी रे," हे शेवटचं ठोंब्याला.

"सत्तावीस." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "साडेतेरा ग्रॅम. आता साखरेचा आकडा जुळतो." त्याने पुन्हा कानातून रक्त घेतलं. यंत्र म्हणालं एक्केचाळीस. "अठ्ठावीसची रेषा काही देवाने आखलेली नाही, पण आपण तिच्या अलीकडे आहोत. या साखरेवर मी त्याला तासभर गाडीत घालणार नाही. इथेच ठेवू."

लेकीने श्वास सोडला. आईने देवाचं नाव घेतलं. बायको तक्त्याकडे बघत होती.

मग त्यानेही पाहिलं. आठवड्यात प्रथमच, दवाखान्याच्या पांढऱ्याफटक दिव्याखाली, दहा फुटांवरून नाही तर हातभर अंतरावरून. आईच्या खुणा थरथरत्या. लेकीच्या, ज्या पेनाने जर्नल लिहायची त्या जांभळ्या शाईत. त्याच्या स्वतःच्या, बघवत नव्हत्या. आणि चौथी ओळ. पहिल्या तीन खुणा वाकड्या, एक पेन्सिलीची, एकीवर पाण्याचा थेंब पडून शाई पसरलेली. पुढच्या अकरा हिरव्या शाईत, एका उंचीच्या, उजवीकडे कललेल्या, प्रार्थनेला उभ्या.

त्याने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

तो सांगू शकत होता. परक्या इमारतीत त्याने केव्हाच बोट ठेवलं असतं. पण समोर ती होती, आणि समोरच्या डॉक्टरच्या तोंडात तिने बसवलेली टोपी होती. शहरातली निम्मी तोंडं तिच्या शब्दावर उघडत आणि मिटत. घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. ती स्वतः बोलेल म्हणून त्याने थांबायचं ठरवलं. दहा सात. ठोंब्याचा मागचा पाय एकदा झटक्याने ताणला गेला आणि सैल पडला.

"हिरवं पेन," तो हळूच म्हणाला, "तुझ्या दवाखान्यातलं ना ते?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. पकडलेला माणूस शेवटी ज्या नजरेने बघतो, तिने. त्या नजरेत थोडी सुटकाही असते, हे त्याने कुठल्याच अहवालात लिहिलं नव्हतं.

"अकरा," ती म्हणाली.

"काय मॅडम?" डॉक्टरने विचारलं.

"माझ्या अकरा खोट्या. तीन घेतल्या आणि पोटात इतकं गुरगुरायला लागलं की पेशंटला ऐकू जायचं. सगळ्या काल रात्री भरल्या." तिने तक्ता पालथा घातला. "अडतीस. एकोणीस ग्रॅम. निघायला हवं."

डॉक्टरने फोन उचलून मोठ्या इस्पितळाला आकडा सांगितला, दुसरी बाटली काढली आणि चपला बदलायला न जाता म्हणाला, "मी येतो मागे बसून. झटका आला तर निदान सुई असेल."

अठ्ठावीस किलोंना चौघांनी उचललं. आईने बाटली वर धरली, तासभर, हात पुरत नाही अशी तक्रार न करता. रस्त्यात एकदा झटका आला. डॉक्टरने सुई मारली, लेक डोळे मिटून ठोंब्याचं नाव घेत राहिली. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आणि यकृताचं औषध तयार होतं, आकडा आधीच पोहोचला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशीच्या रक्तात यकृत रुसलेलं दिसलं. तिसऱ्या दिवशी जास्त. तिथली डॉक्टरीण म्हणाली, सत्तावीस धरून तिकडेच ठेवला असता तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. बायकोने मान हलवली आणि बाहेर जाऊन बराच वेळ पाण्याच्या मशीनसमोर उभी राहिली. तो शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांनी पाणी प्यायलं नाही.

सातव्या दिवशी ठोंब्या घरी आला, चार किलो हलका, दारातच लेकीचा मोजा तोंडात घेऊन. सोबत यकृताच्या गोळ्या आणि एक कागद: दिवसातून दोनदा, महिनाभर, दिल्यावर खूण करावी.

कागद फ्रिजवर लागला. गोळ्या कपाटात, कुलपात. झायलिटॉलचा नवा डबा बायकोच्या दवाखान्यात आहे. नवरा रोज कामावर जाताना तिथे थांबतो, तिच्यासमोर एक गोळी तोंडात टाकतो आणि ती विरघळेपर्यंत खुर्चीत बसतो. साखरेची बरणी आता ओट्यावर असते, उघड, आणि तिच्याबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.

काल रात्री पाणी प्यायला उठला तेव्हा त्याने फ्रिजचा कागद जवळ जाऊन पाहिला. एक खूण जांभळी, एक थरथरती, एक ग्रीसच्या अंगठ्याचा डाग पडलेली. मंगळवारच्या रात्रीच्या चौकोनात खूणच नव्हती. तिथे हिरव्या शाईत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: विसरले, पावणेदहाला दिली.

त्याने बावीस वर्षांत इतका चांगला तक्ता पाहिला नव्हता.