जवळची कंपनी

“अब्बा, तुमच्या डोळ्यासमोर असते ती कंपनी. कशी हाय, सांगा ना,” म्हणत सगीरानं नोकरीची दोन्ही पत्रं दस्तरखानावर, सालनाच्या भांड्याशेजारी ठेवली.

युसूफनं घास चावायला उगाच वेळ लावला. चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरलेल्या विमानाला हातवारे करून जागेवर आणून उभं करायचं, हे काम तो एकोणतीस वर्षं करत होता. पोरगी वैमानिक झाल्यापासून त्याच्या मनानं एकच हट्ट धरला होता: सगीरानं विमान आणावं आणि आपण ते जागेला लावावं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एका पत्रातली कंपनी रोज सकाळी इथंच येत होती. दुसरीचं ठाणं गुवाहाटीला, विमानं तिकडच्याच डोंगरातल्या गावांना जाणारी. ती इकडे फिरकायचा प्रश्नच नव्हता.

“चांगली हाय,” तो म्हणाला. “माणसं लई चांगली.”

“माणसांचं नाय विचारत, अब्बा, तासांचं विचारते. नव्या पायलटला पयल्या वर्षी उडायला किती मिळतं, त्यावरच पुढं कॅप्टन व्हायचं. तास मिळत असतील तर हीच घेते, घर तरी जवळ राहील. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय.”

“मिळतील की,” म्हणत युसूफ उठला. हात धुताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण खरं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंपनीचं विमान त्यानं नेहमीसारखं जागेवर लावलं. प्रवासी उतरतात न उतरतात तोच बन्सी मेकॅनिक पाने घेऊन निघाला, तो कडेला उभ्या असलेल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाकडे. ते दोन महिने जागचं हललं नव्हतं. एकाला काही लागलं की दुसऱ्याचं काढून बसवायचं, असा कारभार चालला होता. रंग शाबूत असल्यानं प्रवाशांना पत्ता नव्हता; विमानतळावर मात्र झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

“आज काय काढतो रे?” युसूफनं विचारलं.

“चाक. उद्या काय राह्यलं तर बघू,” बन्सी हसला. “चाचा, पोरगी इथंच लागणार म्हणं? झ्याक झालं. पण बसून बसून कंटाळंल बिचारी. एका विमानावर किती पायलट उडवणार हे?”

बन्सी सहज बोलून गेला. युसूफला दिवसभर घास गोड लागला नाही.

तो घरी आला तेव्हा सगीरा फोनवर जवळच्या कंपनीला होकार लिहीत होती.

“थांब,” तो म्हणाला. “तिकडं जाऊ नको. त्यांचं एकच विमान उडतंय. दुसरं दोन महिन्यांपासून सुटं करून खातायत. तुला आठवड्यातून एकदा पण उडायला मिळायचं नाय.”

सगीरानं लिहायचं थांबवलं. “काल माहीत होतं तुम्हाला?”

“व्हय.”

“मग?”

“वाटलं, एकदा तरी तुझं विमान माझ्या हातानं लावावं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं लिहिलेलं सगळं पुसलं, गुवाहाटीला होकार लिहिला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

“तुम्हीच पाठवा, अब्बा.”

त्यानं अंगठा टेकवला.

पंधरा दिवसांनी ती मुंबईच्या विमानानं निघाली. युसूफनं मुद्दाम तीच पाळी मागून घेतली होती. वाट मोकळी असल्याची खूण त्यानं केली, विमान वळलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती कुठल्या खिडकीशी बसलीय हे विचारायचं राहूनच गेलं. या बाजूला होती की पलीकडच्या, तेही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत, सगळ्यांनाच सावकाश हात केला.