तीन कारागीर आणि साडेसातची आरती

जयवंत आखातातली नोकरी सोडून परत आला, तेव्हा घाटकोपरच्या कमल निवास चाळीने आधी त्याचं सामान पाहिलं. टू-इन-वन टेपरेकॉर्डर नव्हता, ब्लँकेट नव्हतं, सेंटची बाटलीसुद्धा नव्हती. तिकडे रक्त तपासून माणसं परत पाठवतात, हे अठ्ठ्याऐंशी साली पेपरात येतच होतं. उरलेलं जुळवायला चाळीला एक दुपार पुरली.

अडचण गणपतीची होती. रोजच्या आरतीला एकेका बिऱ्हाडाची खिरापत असायची, आणि शनिवारची पाळी जयवंतच्या आईची, सुगंधाबाईंची. पाळी काढून घ्यायची कुणाची हिंमत नव्हती, तिची खिरापत खायचीही नव्हती. अशा वेळी सुशिक्षित समाज जे करतो तेच मंडळाने केलं. व्याख्यान ठेवलं.

वक्ते चाळीतलेच. श्यामकांत सर, अंधेरीच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे.

"सर, एड्सवर बोला," मंडळाचा चिटणीस धोंडिराम म्हणाला. "खिरापत खाऊन काही होत नाही, एवढं लोकांच्या डोक्यात घाला. म्हातारीची शोभा नको व्हायला. सातला सुरू करा, साडेसातला आरती."

"पण कारणं कळल्याशिवाय निष्कर्ष कसा पटेल?"

"सांगा ना कारणं. पण साडेसातला आरती."

शनिवारी नारळ, शाल आणि माईकची खरखर यांत दहा मिनिटं गेली. जयवंत मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. सुगंधाबाई खोबरं-साखरेचं ताट पदराखाली धरून पुढेच बसल्या होत्या.

"हा विषाणू म्हणजे बिनघराचा पाहुणा," सर म्हणाले. "येताना सोबत तीन कारागीर आणतो. त्यांना एन्झाइम म्हणतात. पाहुण्याचा मजकूर असतो आरएनएमध्ये, आपल्या पेशीचा डीएनएमध्ये. पहिला कारागीर त्या मजकुराची डीएनएमध्ये नक्कल करतो. मोडीतला कागद बाळबोधीत उतरवावा, तशी. पेशीचा रिवाज याच्या बरोब्बर उलटा."

"पुढे?" धोंडिरामने घड्याळ पाहिलं.

"दुसरा कारागीर ही नक्कल पेशीच्या डीएनएत घुसवतो. म्हणजे पाहुण्याने आपल्या रेशनकार्डावर नाव चढवून घेतलं, असं समजा."

मंडपात चुळबुळ थांबली. चाळीतल्या धाकूचा मेव्हणा चार वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आला होता, तो अजून होता.

"सर, मग ते नाव काढायचं कसं?" धाकूने कळकळीने विचारलं.

"नाही काढता येत," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या बायका सुगंधाबाईंपासून थोड्या सरकल्या. सरांना ते दिसलं आणि ते घाईला आले. घाईत माणूस थोडक्यात बोलेल, असं आपल्याला वाटतं. सर जास्त बोलले.

"मग पेशीच त्याचा माल काढायला लागते! प्रथिनाची लांबच लांब पट्टी, ताग्यासारखी. तिसरा कारागीर कात्री घेऊन ती मापात कापतो. तुकडे मापात पडले की नवे विषाणू तयार! हजारोंनी! आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं फक्त—"

धोंडिरामने घंटा वाजवली. ढोलकी, झांजा आणि दीडशे गळे एकदम सुटले. सर माईकपाशी उभे राहून ओठ हलवत राहिले. लोकांना वाटलं, आरतीच म्हणतायत.

आरती संपली. सुगंधाबाई ताट घेऊन उठल्या.

"माझा शनिवारचा उपास आहे हो," शेजारीण म्हणाली.

"मला शुगर."

"आमच्या हिचा घसा धरलाय."

खोबरं-साखर उपासाला चालते, हे कुणी काढलं नाही. सर लगबगीने पुढे आले, मूठभर खिरापत उचलली आणि सर्वांदेखत खाल्ली.

"सरांचं काय बाई," वनमालाबाई कुजबुजल्या, "त्यांनी लस टोचून घेतली असणार."

"लस नाहीच निघालेली अजून!" सर ओरडले.

जे दोघं-तिघं हात पुढे करायच्या बेतात होते, तेही यावर घरी गेले.

"झकास झालं, सर," धोंडिराम खुर्च्या गोळा करत म्हणाला. "उद्या जादूचे प्रयोग आहेत."

जयवंत खांब सोडून पुढे आला. "सर, तुमचं ते महत्त्वाचं राहिलं."

"माका सांगा," सुगंधाबाई ताट मांडीवर घेऊन बसल्या. "मी आयकतंय."

सरांनी सांगितलं. हे कारागीर फक्त पेशीच्या आतल्या मालावर काम करतात. खोबऱ्यात, ताटात, हातावर ते बेकार. भांड्याला भांडं लागून, जेवणातून हा रोग होत नाही. सांगायला एक मिनिट लागलं नाही.

"त्यांचा हात धरणारं काही?" जयवंतने विचारलं.

"पहिल्याचा धरणारं औषध अमेरिकेत निघालंय. महाग आहे. पुरतं बरं नाही करत. बाकीच्या दोघांचं शोधतायत."

"शोधतायत ना? मग पहिल्यापासून सांगा. घाई नाही मला."

सर सांगू लागले. धोंडिराम हातात खुर्ची धरून तसाच उभा होता. सर दुसऱ्या कारागिरापर्यंत आल्यावर त्याने ती खाली ठेवली, मंडपाच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि हात पुढे केला.

"थोडीच द्या हं, काकी. जेवायचंय अजून."

बाईंनी ओंजळभर दिली.