पंजा की दंताळं

वादळ येऊन गेलं आणि घरामागच्या झाडीची पार दैना उडाली. उभी झाडं बरीच वाचली होती, पण त्यांच्या पायाशी मोडक्या फांद्या, मुळासकट उपटलेली खोडं आणि काटक्या यांचा असा पसारा झाला होता की आत पाऊल टाकायची सोय राहिली नव्हती. झाडी घराच्या मागच्या भिंतीपर्यंत आलेली. उन्हाळ्यात हे सगळं वाळलं, की रस्त्यावरून कुणी सिगारेटचं थोटूक भिरकावलं तरी आग लागायला पुरे होतं.

दादांनी आपल्या पद्धतीने कामाला सुरुवात केली. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, खाली उतरायचं, ओंडक्याला साखळी बांधायची, वर चढायचं, ओढायचं, पुन्हा उतरून साखळी सोडायची. असं चार-सहा दिवस ठीक चाललं. मग एका उतारावर, ते साखळी बांधायला वाकलेले असताना ओंडका घरंगळला आणि त्यांची नडगी मोडली. ते पाय प्लॅस्टरमध्ये घालून मागच्या खोलीच्या खिडकीशी बसले. पसारा होता तिथेच राहिला.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. धाकटा दीर म्हणे ते ठीकच, पण शेजारी, दूधवाला, दवाखान्यातली नर्ससुद्धा वहिनीच म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दादांनी त्यांना हौसेने ट्रॅक्टर चालवायला शिकवला होता. पुढे हौस संपली आणि ट्रॅक्टर पुन्हा दादांचा झाला.

"दंताळं आणा," दादा खिडकीतून म्हणाले. "पुढे जोडायचं, सगळं लोटत न्यायचं, ढीग करायचा. डोकं लावायचं कामच नाही."

"दंताळं कशाला?" धाकटे भाऊजी म्हणाले. त्यांचं टायरचं दुकान होतं आणि यंत्रांबद्दल त्यांना ठाम मतं होती. "भुगा करणारं यंत्र घ्या. फांद्या जागच्या जागी कुटून टाकतं. ढीग नको, उचलणं नको."

दोघे भाऊ संध्याकाळभर वाद घालत बसले. वहिनींना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही मधे तोंड घातलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भाऊजींच्या गाडीत त्या आधीच जाऊन बसल्या.

अवजारांच्या दुकानामागे मोठं आवार होतं. दुकानदार उंच, बारीक आणि सावकाश बोलणारा होता. तो सगळं भाऊजींना समजावत होता. भुगा करणाऱ्या यंत्रापाशी त्याने विचारलं, "ट्रॅक्टर कुठला?" भाऊजींनी सांगितलं. दुकानदाराने मान हलवली. "त्याच्यात हे ओढायची ताकद नाही. मी विकीन, पण तुम्ही महिनाभरात माझ्या नावाने बोटं मोडाल."

भाऊजींचा चेहरा उतरला. दुकानदार दंताळ्याकडे वळला. खाली वाकलेले जाड दाते, कपड्यांच्या कपाटाएवढी रुंदी. वहिनींनी एका दात्यावर हात ठेवला.

"याने ढीग केला, की पुढे?"

दुकानदार पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "पुढे ढीग उचलायचा. ट्रॉलीत भरायचा."

"हाताने?"

"बारीकसारीक हाताने. मोठं असेल तर साखळीने."

"म्हणजे खाली उतरायचंच."

"उतरावं लागेल, वहिनी." त्यानेही वहिनीच म्हटलं. "शिवाय हे पाचोळ्याबरोबर माती नि दगडही ओढून आणतं."

आवाराच्या कोपऱ्यात तिसरं एक अवजार होतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या हातांना जोडायचा लोखंडी पंजा. खाली वाकडे दाते, वरून दोन जबडे. एक खटका ओढला की जबडे मिटतात, ढकलला की उघडतात; दुसऱ्या खटक्याने पंजा वर-खाली होतो. दुकानदाराने एका ट्रॅक्टरवर तो जोडलेलाच ठेवला होता.

"हा सगळ्यात हळू," तो म्हणाला. "एका वेळी एक घास. सगळी झाडी साफ करायला वेळ खाईल."

"पण बसल्या जागेवरून होतं ना सगळं?"

"उचलणं, नेणं, टाकणं, सगळं."

"मी बसून बघू?"

"वहिनी, अहो," भाऊजी कुजबुजले, "लोक बघतायत."

"बघू देत."

त्या वर चढल्या. पहिल्या खेपेला जबडे हवेतच मिटले. दुसऱ्या खेपेला समोर नमुन्यासाठी ठेवलेला ओंडका उचलला गेला, पण एका टोकाने, आणि गर्रकन फिरून दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी असा गेला की दुकानदार दोन पावलं मागे उडाला. वहिनींना हसू फुटलं. मग त्यांनी ओंडका अलगद खाली ठेवला, मधोमध धरून पुन्हा उचलला आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकला.

"हाच," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने जाताना दोनदा बजावलं की ट्रॅक्टरच्या मागे दगड भरलेली वजनाची पेटी लावल्याशिवाय मोठं काही उचलायचं नाही. पेटी बनवून घ्यायचं काम भाऊजींनी अंगावर घेतलं.

दादांनी खिडकीतून पंजा पाहिला. "माझ्या ट्रॅक्टरला खेकडा करून ठेवलात," एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी ते वहिनींशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवणापुरतंच बोलले.

वहिनी रोज सकाळी झाडीच्या कडेने काम करू लागल्या. फांद्यांचे झुबके उचलायच्या, मोकळ्या जागेत नेऊन टाकायच्या. उभ्या झाडांना धक्का न लावता दोन खोडांमधून पंजा आत घालणं आठवड्यात जमायला लागलं. भाऊजींची पेटी मात्र आज-उद्या करत राहिली. कधी वेल्डर नव्हता, कधी पत्रा नव्हता. लहानसहान फांद्यांना पेटीवाचून अडत नव्हतं, त्यामुळे वहिनींनीही तगादा लावला नाही.

मग एका सकाळी त्या उतारावर, दादांची नडगी मोडणाऱ्या ओंडक्यापाशी पोचल्या. तो आडवा पडून पुढची वाट अडवत होता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि जबडे मिटले.

ओंडका वर आला. त्याच्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकंही हलकी झाली. वहिनींना ते आधी बसण्यात जाणवलं. जागा खालून सुटल्यासारखी वाटली आणि ट्रॅक्टर किंचित उताराकडे कलला. हात पंजा वर-खाली करायच्या खटक्यावर होता, पण तो पुढे ढकलायचा की मागे, हेच सुचेना.

"खाली! नुसतं खाली घे! जबडे उघडू नको!"

दादा कुबड्या टेकत मागच्या दारापर्यंत आले होते. वहिनींनी तोच खटका हळूच पुढे ढकलला. ओंडका जमिनीला लागला, मागची चाकं दणकन बसली. त्यांनी इंजिन बंद केलं.

"पेटी कुठाय?" दादांनी विचारलं.

"भाऊजी करतायत."

"आणि तू तशीच निघालीस."

"निघाले," वहिनी म्हणाल्या. सबब सांगण्यासारखं काही नव्हतं.

दादांनी तिथूनच भावाला फोन लावला. पलीकडचं ऐकू आलं नाही, पण दादांचं बोलणं शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असावं. संध्याकाळपर्यंत पेटी आली. दगड भरायला भाऊजी स्वतः लागले आणि त्यांनी त्या दिवशी एकही मत मांडलं नाही.

ओंडका पेटी लावल्यावरही जड गेला, म्हणून करवतवाल्याला बोलावून त्याचे तुकडे केले आणि वहिनींनी ते एकेक करून नेले. त्या दिवसापासून दादा झाडीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागले. "डावीकडची आधी," ते ओरडत. वहिनी कधी डावीकडची घेत, कधी नाही. पाचोळ्याला पंजा काही करू शकत नव्हता. तो बहुतेक तसाच राहिला, आणि "दंताळं असतं तर" हे वाक्य दादांनी पुष्कळदा ऐकवलं. त्यात ते चुकीचे नव्हते. भिंतीलगतचा पट्टा वहिनींनी अखेर खराट्याने झाडून काढला.

उन्हं कडक व्हायच्या आत घरामागे चांगली रुंद मोकळी जागा झाली. आतली झाडी अर्धीच साफ झाली होती.

प्लॅस्टर निघाल्यावर काही दिवसांनी दादा सकाळी किल्ली मागायला आले. "जबड्यांचा खटका पुढे केला की पंजा उघडतो, का मिटतो?" त्यांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं, किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. खालून इंजिनचा आवाज आला. त्या वाकून बघायला थांबल्या नाहीत. बादलीत अजून बरेच कपडे होते.